सयाजी टेकाळे आणि कौशल्याबाईंची फियाट

तळवड्यात आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती संपतात आणि पत्र्याच्या वर्कशॉपची रांग सुरू होते, तिथं माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. शेजारचा गाळा सयाजी टेकाळ्यांचा. गाळ्यावर पाटी नाही, आणि लागतही नाही. ज्यांच्या घरी अजून फियाट, अ‍ॅम्बेसेडर किंवा जुनी जीप उभी आहे, ते विचारत विचारत येतात आणि चहावाला बोट दाखवतो, "त्यो बघा, सयाजीभाऊंचा गाळा."

सयाजीभाऊ मूळचे कंधारकडचे. वडिलांची ऑइल इंजिनवर चालणारी पिठाची गिरणी होती. इंजिनाचा ठेका जरा बदलला की वडील ताटावरून उठून जायचे, असं ते सांगतात. आयटीआय करून ते पिंपरीला आले आणि एका कंपनीत इंजिन टेस्टिंगला लागले. नवं इंजिन स्टँडवर चढवायचं, पळवायचं, कान लावायचा, हेच त्यांनी नोकरीभर केलं. पुढं तो विभागच बंद झाला. पिंपरीचे लोक निवृत्तीनंतर गावाकडं घर बांधतात, सयाजीभाऊंनी तळवड्यात गाळा घेतला.

इतकी वर्षं इथं काढली तरी त्यांच्या बोलण्यातला मराठवाडा तसाच आहे. बायको सुमनताई आणि ते, दोघंच रुपीनगरात राहतात. मुलगी लग्न होऊन लातूरला गेली. इथल्या लग्नांच्या पत्रिका त्यांना येतात, नाही असं नाही. पण त्या गिऱ्हाइकांच्या. हॉलवर जायचं, पाकीट द्यायचं, जेवायचं, परत यायचं. "आपण पाहुणे बी नाही अन् घरचे बी नाही. आपण मेकॅनिक," असं ते हसत म्हणायचे, आणि मग उगाचच पाना पुसत बसायचे.

माणूस गप्पिष्ट, पण कामाला लागला की समोरच्याचं काही ऐकून घेणार नाही. गिऱ्हाईक सांगू लागलं की गाडी अशी करते, तशी करते, की हे हात वर करणार. "थांबा मालक. माणूस विसरतो. प्लग विसरत नाही." आणि इंजिनातून स्पार्क प्लग काढून उन्हात धरणार. मलाही त्यांनीच शिकवलं. टोक चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं तपकिरी असेल तर इंजिन सुखी. ओलं तेलकट असेल तर आत ऑइल चढतंय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा नीट जळत नाही. पांढरंफटक असेल तर आत नको इतकी आग आहे.

मोशीच्या जयदीप बोऱ्हाड्यांची फियाट आमच्याकडे आली ती अशी काळ्या प्लगांची.

बोऱ्हाडे मोशीचे जुने शेतकरी. जमिनीवर आता सोसायट्या उभ्या आहेत आणि जयदीप त्याच व्यवसायात आहे. गाडी त्याच्या वडिलांची, सोनबांची. साय रंगाची, आरशाला अजून चंदनाची माळ. सोनबा वारल्यापासून ती शेडमध्येच उभी असायची. आता जयदीपच्या मुलीचं, तनुजाचं लग्न ठरलं होतं आणि तनुजानं एकच हट्ट धरला होता: वरातीला भाड्याची लांबलचक गाडी नको, आजोबांची फियाट हवी.

"काका, धक्के देते हो. चार पावलं जाते आणि फटफट करते," जयदीप म्हणाला.

सयाजीभाऊंनी बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून प्लगची एकेक वायर काढून पाहिली. वायर काढल्यावर इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर तो मेलेला. दोन वायरींना काही फरक पडेना. चार सिलिंडरची गाडी दोघांच्या जिवावर कण्हत होती. प्लग काढले तर सगळे काळे, आणि त्यातले दोन तर चुलीतून काढल्यासारखे.

"कार्बोरेटर जास्त पाजायलाय तिला," सयाजीभाऊ म्हणाले. त्यांनी कार्बोरेटर साफ केला, ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट घासून त्यांची फट लावली. माझ्याकडून नवे प्लग घेतले, कंपनीनं सांगितलेल्या नंबरचेच. गाडी अशी चालायला लागली की जयदीपनं गाळ्यातच हॉर्न वाजवला.

काही आठवड्यांनी गाडी परत आली. तेच धक्के आणि तेच काळे प्लग.

सयाजीभाऊंना हे लागलं. त्यांनी कार्बोरेटर पुन्हा पूर्ण खोलला, आतला फ्लोट बदलला, कंडेन्सर बदलला, कॉइल तपासली. जयदीप काही सांगायला गेला तर हात वर. गाडी ठणठणीत होऊन गेली, आणि परत आली.

"काका, दुसऱ्या कुणाला दाखवू का? वाईट नका वाटून घेऊ. लग्न जवळ आलंय."

"दाखवा की," सयाजीभाऊ म्हणाले, पण चेहरा उतरला. त्या दिवशी चहा आला तसा गार झाला. मग ते माझ्या काउंटरवर आले. "रविराज, नेहमीच्यापेक्षा एक नंबर जास्त गरम प्लग दे."

हे गरम-थंड काय, ते सांगतो. प्लगचं टोक इंजिनाच्या आत असतं आणि ते तापतं. गरम जातीच्या प्लगचं टोक जास्त तापलेलं राहतं, त्यामुळं त्यावर बसणारी काजळी जळून जाते. थंड प्लग उष्णता लवकर बाहेर सोडतो. गावातल्या गावात हळू चालणाऱ्या गाडीला थोडा गरम प्लग सोसतो. भार घेऊन, चढावर, वेगानं पळणाऱ्या गाडीत मात्र तोच प्लग निखारा होऊन बसतो. त्यात आणखी घोळ म्हणजे एका कंपनीत आकडा वाढला की प्लग थंड, दुसऱ्या कंपनीत आकडा वाढला की गरम. त्यामुळं नुसता आकडा बघून प्लग देणारा दुकानदार कुणाचं तरी इंजिन घालवणारच. मी डबीवरचा तक्ता दोनदा वाचून प्लग दिले. देताना म्हणालो, "भाऊ, हा इलाज आहे की मलमपट्टी?"

त्यांनी डब्या खिशात टाकल्या आणि ते गाळ्याकडं वळले. त्यांनाही तेच वाटत असणार.

गरम प्लगांवर गाडी टिकली. महिना होत आला तरी तक्रार नाही. सयाजीभाऊ पुन्हा गप्पा मारायला लागले. मग एका दुपारी जयदीपचा फोन आला. तो चार माणसं बसवून मंचरला पाहुण्यांकडं निघाला होता आणि खेडच्या घाटात इंजिन खडखडायला लागलं, डब्यात खडे हलवल्यासारखं. सयाजीभाऊ फोनवरच ओरडले, "बंद करा! आधी बंद करा! गाडी तिथंच राहू द्या!"

आम्ही दोघं माझ्या टेम्पोतून गेलो. घाटात कडेला फियाट उभी, बाजूला घामाघूम पाहुणे. सयाजीभाऊंनी इंजिन निवू दिलं आणि एक प्लग काढला. टोक चुन्यासारखं पांढरं, त्यावर मोहरीहून बारीक वितळलेले मणी. ते तिथंच दगडावर बसले.

"अजून जरा वर गेले असते तर पिस्टनला भोक पडलं असतं," ते मला हळूच म्हणाले. "माझ्यामुळं, रविराज. रोग सापडेना म्हणून मी औषध वाढवलं."

त्यांनी जुन्या नंबरचे प्लग बसवले, जयदीपचा हात हातात घेऊन "माझी चूक झाली" असं स्पष्ट सांगितलं, आणि मग जे कधी करत नसत ते केलं. विचारलं. "जयदीप, ही गाडी घरी असते तवा काय काय होतंय तिच्यासोबत? सगळं सांगा."

"काही नाही हो काका. उभी असते. आई कधीतरी चालू करते, तेवढंच."

"कधीतरी म्हणजे?"

"आठ-पंधरा दिवसांनी असेल. नक्की बघितलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजीभाऊ मला घेऊन मोशीला गेले. बोऱ्हाड्यांचं घर आता तीन बाजूंच्या टॉवरांच्या मधोमध आलंय, पण अंगण मोठं आहे आणि गोठ्याच्या जागी गाडीची शेड आहे. आम्ही फाटकातून आत शिरतोय तोच कौशल्याबाई बाहेर आल्या. जयदीपची आई. नऊवारी लुगडं, हातात चहाचा स्टीलचा पेला. त्यांचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. शेडमध्ये गेल्या, फियाटचं दार उघडलं आणि स्टिअरिंगमागे बसल्या. चोकचा खटका पूर्ण ओढला, किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि चालू झाली. मग काच खाली करून, एक कोपर बाहेर टेकवून, त्यांनी सावकाश चहा प्यायला. चहा संपला. गाडी बंद केली, पेला घेतला, दार लावलं.

सयाजीभाऊ जागचे हलले नाहीत. मग पुढं होऊन म्हणाले, "आक्का, हे रोज करता का तुम्ही?"

त्या दचकल्या. ओळख सांगितल्यावर म्हणाल्या, "व्हय की. हे गेल्यापासनं एक दिस चुकवला न्हाई. त्ये म्हनायचे, गाडीला रोज हाक मारावी, न्हाईतर ब्याटरी उतरती आन् गाडी रुसती."

"अन् चहा संपला की बंद?"

"मग काय दिसभर चालू ठिवू? प्याट्रोल काय नळाला येतंय व्हय?"

"अन् तो खटका?"

"त्यो वढल्याबिगर ती उठतच न्हाई. ऱ्हातो तसाच."

सयाजीभाऊ इतके मोठ्यानं हसले की आतून जयदीप बनियनवर बाहेर आला. हसता हसता त्यांनी कपाळावर हात मारला. "आक्का, थंडीत पोराला उठवायचं, तोंड धुवायच्या आत परत झोपवायचं, अन् वरून रोज तूप पाजायचं. कसं पचंल त्याला? खटका ओढला की पेट्रोल जास्त जातंय. ते जळायला इंजिन तापावं लागतंय. तुमचा चहा संपतो तवा ते नुसतं कोमट झालेलं असतंय. मग सगळी काजळी प्लगवर."

"आई, मला वाटलं तू आठ-पंधरा दिवसांनी वगैरे चालू करतेस," जयदीप म्हणाला.

"तुला इचारायला कवा येळ हाय?" त्या सहज बोलल्या, पण जयदीपनं मान खाली घातली. मग त्या सयाजीभाऊंकडे वळल्या आणि आवाज एकदम लहान झाला. "मंग आता म्या ते बंद करू का?"

त्यांनी रिकामा पेला पदरानं पुसला.

"न्हाई, गाडी खराब व्हत आसंल तर करते बंद. पर त्यो आवाज आला की वाटतंय, हे बाजाराला निगालेत. आत्ता हाक मारतील, पिशवी दे म्हनून."

सयाजीभाऊ शेडच्या खांबाला टेकले. "आमच्या गावात बापाची गिरणी होती," ते म्हणाले. "बाप गेला अन् इंजिन विकलं. मायला तवापासून दुपारची झोप लागली नाही कधी. म्हणायची, लई शांत झालंय." मग जरा थांबून म्हणाले, "बंद नका करू आक्का. खुशाल चालू करा. पण मग तिला रस्त्यावर घेऊन जा. तापू द्या, पळू द्या. अधूनमधून नको, नेमानं. प्लग आपोआप साफ राहतील."

"म्या घेऊन जाऊ?"

"तुम्हाला येतंय ना चालवायला? बसण्यावरून तर कळायलंय."

"आवं, ट्रॅक्टर चालवलाय म्या. ही बी चालवलीय. ऊस गेला की रिकाम्या रानात त्यांनी शिकवली. लायसन बी काढून दिलं हुतं. पर ते रान आता त्या टावरखाली हाय, आन् हायवेला बघितलं का डंपर कसं येत्यात?"

"गुरुवारी नाही येत," सयाजीभाऊ म्हणाले.

हे खरं होतं. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी चाकण एमआयडीसीतले रुंद रस्ते ओस पडतात. कंपन्यांच्या फाटकांवर वॉचमन आणि कुत्री, बाकी कुणी नाही.

आधी लायसनचा प्रश्न होता, त्याची मुदत कधीच संपली होती. जयदीपनं आईला आरटीओत नेलं. चाचणी द्यावी लागेल म्हटल्यावर तो घाबरला, कौशल्याबाई नाही. लुगड्याचा काष्टा घट्ट करून त्यांनी गाडी पुढं नेली, मागं घेतली, आणि उतरून साहेबाला विचारलं, "आनी कुठं घालू?"

मग गुरुवार सुरू झाले. शेजारी सयाजीभाऊ, मागं सुमनताई डबा घेऊन. पहिल्या दिवशी मीही मागं बसलो होतो. मोशीतून चाकणपर्यंत सयाजीभाऊंनी चालवली. एमआयडीसीत जागा बदलल्या. गाडी पहिल्या गिअरमध्ये दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली ती दुसऱ्यावरच राहिली, इंजिन रडायला लागलं.

"आक्का, तिसरा टाका."

"पळंल ती!"

"पळू द्या. म्हणून तर आलोय आपण."

त्यांनी ओठ दाबून तिसरा टाकला. गाडीनं अंग सैल सोडल्यासारखा आवाज केला. एका कंपनीच्या फाटकावरचा वॉचमन खुर्चीवरून उठून बघत राहिला. सुमनताई मागून म्हणाल्या, "आक्का, लई भारी!" कौशल्याबाईंनी रस्त्यावरची नजर काढली नाही, पण त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. झाडाखाली थांबून आम्ही ज्वारीची भाकरी आणि मराठवाडी तिखट ठेचा खाल्ला. ठेच्यानं कौशल्याबाईंना ठसका लागला. "ह्यो प्लगला लावा," त्या म्हणाल्या, "काजळी औषधाला ऱ्हाणार न्हाई."

काही गुरुवारांनंतर सयाजीभाऊंनी गाळ्यात प्लग काढला आणि माझ्या काउंटरवर ठेवला. जुन्याच नंबरचा, कंपनीनं सांगितलेला. टोक बिस्किटासारखं तपकिरी.

"बघ," ते म्हणाले. "प्लग खरं तेच बोलत होता. मलाच अर्धं ऐकू यायचं."

तनुजाचं लग्न मोशीतल्याच एका लॉन्सवर लागलं. आम्हाला पत्रिका होतीच. सयाजीभाऊ नेहमीसारखं पाकीट खिशात घालून आले आणि मागच्या रांगेत खुर्ची धरली. मानपान सुरू झाला. मोशीच्या मोठ्या घरांचा मान म्हणजे मोठं प्रकरण. आत्याचे यजमान, मामा, व्याही, एकेकाचं नाव पुकारायचं, फेटा बांधायचा. माइकवर जयदीपचा आवाज आला, "कौशल्याबाईंचे बंधू, सयाजी टेकाळे, कंधार."

सयाजीभाऊ मागं वळून बघायला लागले, दुसरा कुणी सयाजी टेकाळे आहे का म्हणून. सुमनताईंनी त्यांना कोपरानं ढोसलं. ते उठले आणि पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. कौशल्याबाई स्वतः मांडवाच्या मधोमध आल्या आणि म्हणाल्या, "या की भाऊ. मला भाऊ न्हवता. आता हाय. सगळ्यास्नी दिसू द्या."

फेटा बांधताना सयाजीभाऊ एकटक वरच्या झुंबराकडं बघत होते. खाली बघितलं असतं तर रडले असते. शेजारचा एक म्हातारा पाहुणा मला विचारत होता, "कंधारला बोऱ्हाड्यांची सोयरीक कवापासनं?" मी म्हणालो, "जुनीच आहे."

वरातीला फियाट सजवून उभी होती. सगळ्यांना वाटलं आजीच चालवणार. पोरांनी मोबाईलही काढून ठेवले होते. कौशल्याबाई मात्र मागच्या दारानं आत शिरल्या आणि तनुजाला जवळ घेऊन बसल्या. "आज म्या पोरीशेजारी बसनार. गाडी तिचा मामाआजा चालवंल." फेटा छताला लागतोय म्हणून मान वाकडी करून सयाजीभाऊंनी गाडी काढली. ढोल-ताशा, गर्दी, पायी चालण्याच्या वेगानं तासभर वरात. जुन्या गाडीची खरी परीक्षा तीच. पण ती सकाळी नीट पळवून, तापवून आणली होती. एकदाही खोकली नाही.

तनुजाचं सासर हिंजवडीजवळ माणला. नवरा हिंजवडीत नोकरीला, फ्लॅट तिथंच. लग्नानंतर महिन्याभरात एका गुरुवारी सयाजीभाऊ माझ्या दुकानात आले आणि उगाच डब्या उचलून ठेवायला लागले.

"काय झालं?" मी विचारलं.

"दोघी गेल्या."

"कोण दोघी?"

"आक्का अन् आमची सुमन. फियाट घेऊन. माणला, पोरीला भेटायला. मला म्हणाल्या, तुम्ही नका येऊ, तुम्ही सारखं गिअर सांगता."

मी हसलो, पण त्यांना हसू येत नव्हतं. हिंजवडीचा रस्ता गुरुवार-शुक्रवार काही बघत नाही, तिथं आयटीची गर्दी रोजचीच. ते दुकानाच्या पायरीवर बसले, उठले, परत बसले. टायरमध्ये हवा बघितली होती का, पाणी भरलं होतं का, असं स्वतःशीच बोलत होते. शेवटी फोन वाजला. सुमनताई. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"पोचलो हो. आक्कांनी मस्त आणली. एक बसवाला मागून हॉर्न वाजवायला होता, तर त्यांनी हात बाहेर काढून त्याला पुढं जा म्हणून सांगितलं. ऐका, जेवूनच येऊ. अन् आक्का म्हणायलेत, येताना देहूवरून येऊ, इंद्रायणीकाठी जरा बसू. तुमचं जेवण झाकून ठेवलंय."

सयाजीभाऊंनी फोन खिशात ठेवला आणि चहावाल्याला हाक मारली.